बोगद्याएवढी गोष्ट

आमचे हे लोकांच्या गाड्या चालवायचे. ड्रायव्हर म्हटलेलं त्यांना आवडत नाही. म्हणजे ते काही बोलत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि त्यांचं गप्प बसणं मला सोसत नाही, म्हणून मीही ड्रायव्हर म्हणत नाही. कामही तसं जगावेगळंच होतं.

आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगर आहेत, एकामागे एक, आणि त्यांच्या पोटातून रस्त्याचा बोगदा गेलाय. लांबच लांब. आत शिरलं की गाडीतलं एक गाणं संपतं, दुसरं लागतं, तेही संपतं, तरी उजेडाचा पत्ता नाही. बऱ्याच लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण काहींना बोगद्याचं तोंड दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. चांगली धडधाकट माणसं, घरी बायकोवर डाफरणारी, तिथं स्टिअरिंग धरून घामाघूम होतात. बोगदा सुरू झाला त्या वर्षी असाच एकजण मधोमध गाडी थांबवून बसला. पुढे जाईना, मागे येईना. मागून येणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या खेपेला गाड्यांच्या पत्र्यावर निभावलं, पण बोगद्याच्या ऑफिसातल्या लोकांना कळलं की आतल्या पंख्यांवर आणि दिव्यांवर कितीही खर्च करा, एक घाबरलेला माणूस सगळ्यांचा जीव टांगणीला लावतो.

मग त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी एक खुर्ची टाकली आणि पिवळं जाकीट घालून आमच्या ह्यांना तिच्यावर बसवलं. ज्याला भीती वाटते त्यानं गाडी बाजूला घ्यायची, किल्ली ह्यांच्या हातात द्यायची, आपण शेजारच्या सीटवर बसायचं. हे गाडी पलीकडे काढून देणार. पलीकडच्या तोंडाशी गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून मालकाच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, "घ्या. तुमची गाडी, तुमचा रस्ता." मग तिकडून कुणी घाबरट येतोय का बघत बसायचं आणि त्याला घेऊन परत यायचं. लोक त्यांना पोचवे काका म्हणायचे. ते आमचं आडनावच आहे असं समजून एकानं तर आमच्या दारावरच्या पाटीला चूक ठरवलं होतं.

ह्यांनाच का बसवलं, तर हे बोगदा खणायच्या दिवसांपासून तिथं होते. मजुरांना आत नेणारी गाडी चालवायचे. डोंगर आतून ओला, काळा, नुसता दगड होता तेव्हापासूनची त्यांची ओळख. शिवाय ह्यांचा आवाज. घरी तोंडातून शब्द काढायला मला चिमटा लागतो, पण परक्या घाबरलेल्या माणसाशेजारी बसले की नळ सोडल्यासारखे बोलायचे. माणूस ऐकत राहिला की भीती विसरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते गोष्ट सांगायचे. बोगद्याएवढी गोष्ट. आत शिरताना सुरू करायची आणि उजेड दिसेस्तोवर संपवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर हिरवी दारं आहेत, शेजारच्या, उलट येणाऱ्या गाड्यांच्या बोगद्यात निसटून जायला. कुठल्या दाराशी गोष्टीत काय घडायचं, हेही ह्यांचं ठरलेलं.

आणि गोष्टी कुणाच्या? माझ्या!

मला ते कळलं कसं तेही ऐका. मी शिवणकाम करते. एकदा एक बाई पडदे शिवायला आल्या, माप देता देता माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "बस मागं घ्यायला लावणाऱ्या तुम्हीच का हो?" माझ्या हातातली टेप खाली पडली. झालं होतं खरं. ड्रायव्हरनं माझा थांबा चुकवला होता आणि मी पायरीवर उभी राहून ती भरलेली बस मागं घ्यायला लावली होती. पण हिला कसं ठाऊक? तर म्हणे, "बोगद्यात काकांनी सांगितलं. हसता हसता कधी बाहेर आले कळलंच नाही." एवढ्यावर थांबली नाही. पॅन्ट घट्ट झाली म्हणून भांडायला आलेल्या एका साहेबांना मी पोट कमी करून या असं सांगितलं होतं, तेही तिला माहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी ह्यांना धारेवर धरलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंना माझी अब्रू वाटत फिरता, लाज नाही वाटत? हे शांतपणे बूट काढत म्हणाले की दुसऱ्या कुणाच्या गोष्टी एवढ्या लांब होत नाहीत.

एरवीही बोगदा त्यांच्या अंगात भिनला होता. कुठंही गेलो की आधी बाहेर पडायचं दार कुठंय ते बघणार. सिनेमाला अंधारात मला खुर्ची सापडत नसायची आणि हे तिकडे मागच्या दाराची कडी निघते का बघायला गेलेले. लेकीच्या लग्नात जावयाच्या वडिलांशी पहिल्यांदा काय बोलले असतील? "त्या दारासमोरच्या खुर्च्या जरा हलवूया का?" मी हसायचे. आता हसू येत नाही.

त्या दिवशी दुपारी हे एका म्हाताऱ्या मास्तरांना पलीकडे नेत होते. पुढे मालाचा एक ट्रक होता. बोगदा अर्धा झाला असेल नसेल, त्या ट्रकखालून धूर यायला लागला, मग ज्वाळा. ट्रक थांबला. मागे सगळी रांग थांबली. अशा वेळी काय करायचं ते बोगद्यात जागोजागी लिहिलेलं आहे आणि ह्यांनी हजारो लोकांना तोंडपाठ करून दिलेलं आहे. इंजिन बंद करा. किल्ली गाडीतच राहू द्या. बाहेर पडा, हिरव्या दारानं निघून जा. किल्ली गाडीत ठेवायची ती एवढ्यासाठी की आगीचा बंब येतो तेव्हा वाटेतल्या गाड्या बाजूला घेता येतात. किल्ली काढली की स्टिअरिंग अडकतं, गाडी ढकलूनही वळत नाही.

ह्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

बस, एवढंच. इतकी वर्षं जे रोज केलं ते हातानं आपलं आपण करून टाकलं. डोक्याला विचारलंच नाही. मास्तर बिचारे किल्ली मुठीत घेऊन हिरव्या दारातून पलीकडे गेले. आणि हे गाड्यांच्या काचा ठोकत मागे पळत सुटले, लोकांना बाहेर काढायला. लोक निघत नाहीत हो. काचा लावून आत बसतात, आपली गाडी म्हणजे आपलं घर वाटतं त्यांना. एकीला बॅग सोडवेना, एकजण आगीचे फोटो काढत होता. ह्यांनी कुणाला हाताला धरून, कुणाला शिव्या घालून दारातून पलीकडे घातलं. ह्यांना शिव्या येतात हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

बंब आला, रांगेतल्या गाड्या बाजूला करत करत पुढे आला आणि ह्यांच्या गाडीपाशी अडला. पुढचं अंतर त्या पोरांनी पाइप ओढत पायी तोडलं. ट्रकवाला आपला ट्रक सोडून गेला नव्हता, लहानसा सिलेंडर घेऊन आग विझवत बसला होता. तो सापडला तेव्हा बेशुद्ध होता. जगला. पण छातीत धूर गेला तो गेलाच. आता जिना चढताना मध्ये बसतो. ट्रक चालवणं संपलं त्याचं.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांचं म्हणणं, किल्ली असती तरी फार फरक पडला नसता, ट्रकवाला आधीच पडला होता. उलट ह्यांनी इतक्या लोकांना बाहेर काढलं म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांची पाठ थोपटली. ती थाप ह्यांना फार लागली. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर एक दिवस रडून मोकळे झाले असते. हे ट्रकवाल्याच्या घरीही जाऊन आले. त्यानं चहा दिला, म्हणाला मीच थांबलो होतो, तुमचा काय दोष. ह्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. घरी येऊन मला म्हणाले, "बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबतो गं तो."

त्यानंतर हे बोगद्यात गेले नाहीत. खुर्चीवर जाऊन बसले एक दिवस, एका बाईनं किल्ली पुढे केली तर हात गुडघ्यांवरून उचलवेना. तसेच उठून घरी आले. पिवळं जाकीट खुंटीला अडकवलं ते तिथंच राहिलं. आमची स्वतःची जुनी गाडी आहे, तिचीही किल्ली हातात घेईनात. एकदा त्या मास्तरांचा फोन आला होता, आभार मानायला. मीच उचलला. म्हणाले, काकांना विचारा, त्या गोष्टीचं पुढं काय झालं, अर्धीच राहिली. मी विचारलं, कसली गोष्ट? तर म्हणाले त्यांनाच ठाऊक. ह्यांना विचारलं तर उठून अंगणात गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी रेटून नेलं असतं. माणूस घरी बसला म्हणून आभाळ कोसळत नाही, माझं मशीन चालू आहे. पण आमची एकुलती एक लेक डोंगराच्या पलीकडे दिलेली. तिला दिवस गेलेले होते आणि पोर वेळेआधीच झाली, मुठीएवढी. डॉक्टरांनी सांगितलं, हिला इतक्यात प्रवास नको. म्हणजे लेक इकडे येऊ शकत नाही आणि बाप तिकडे जात नाही. जुना घाटरस्ता होता पूर्वी, पण बोगदा झाल्यावर त्याच्याकडे कोण बघतो? दरडी कोसळून कधीचा बुजलाय. मी बसनं जाऊन यायचे. दरवेळी नवीन थाप. बाबांना ताप आहे, बाबांची कंबर धरली आहे, बाबांना चौकशीला बोलावलंय. खरं सांगू नकोस, अशी ह्यांनी मला शपथच घातली होती. ह्या माणसानं भित्रा बाप म्हणवून घेण्यापेक्षा निष्ठुर म्हणवून घेणं पत्करलं. आणि मी नातीचे फोटो आणले की चष्मा पुसून पुसून बघत बसायचे.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण मी आई आहे तिची. म्हणाली, "आई, बाबांना सांग, नाही आले तरी चालेल. तू आता कारणं देऊ नकोस."

मी फोन ठेवला, मशीन झाकलं आणि तडक बोगद्याच्या तोंडाशी गेले.

ह्यांच्या खुर्चीवर आता एक बाई बसते. आधी शाळेची बस चालवायची, म्हणून सगळे तिला बसवाली म्हणतात. कमी बोलणारी, डोळ्यांत जरब. काम तिला ह्यांनीच शिकवलं होतं, तोंडाशी उभं राहून, आत न जाता. मी तिला सगळं सांगितलं, रडलेसुद्धा, इलाज नव्हता. ह्यांना ती दादा म्हणते. तिनं एवढंच विचारलं, "दादा बसतील का शेजारी?" मी म्हटलं, बसवते.

बसवलं कसं ते माझं मला माहीत. आधी मी रागावले, मग विनवलं, मग पुन्हा रागावले. शेवटी म्हटलं, "इतकी वर्षं परक्यांना सांगत आलात ना, घाबरणं हा गुन्हा नाही, शेजारी बसा, मी आहे म्हणून? मग आता तुम्ही शेजारी बसा. मी आहे." ह्यांनी चपला काढल्या. मग शर्ट बदलायला आत गेले.

त्याच दुपारी बसवाली घरी आली, किल्ली मी तिच्या हातात दिली. हे पुढे तिच्या शेजारी, मी मागे, मांडीवर नातीसाठी शिवलेल्या झबल्यांची पिशवी. बोगद्याचं तोंड आलं तशी ह्यांची मान ताठ झाली. मागून मला त्यांचे कानच दिसत होते, पांढरेफटक. बसवालीनं वेग कमी केला, दिवे लावले आणि आम्ही आत शिरलो.

आत आवाज वेगळाच असतो. पंख्यांचा घरघराट, चाकांचा, सगळा एकात एक. हे श्वास घ्यायचं विसरले होते. बसवाली काही बोलेना, तिचा स्वभावच नाही. मग मीच सुरू केलं. दुसरं काय करणार? आयुष्यभर ह्यांनी माझ्या गोष्टी सांगितल्या, आज माझी पाळी. बसवालीला सांगितलं, तुमच्या ह्या दादांनी एकदा मला सिनेमाला नेलं आणि मागच्या दाराची कडी तपासताना स्वतःच बाहेर अडकले, मी अख्खा सिनेमा एकटीनं बघितला. ह्यांची पॅन्ट चुकून सासऱ्यांच्या मापानं बेतली गेली, तर हे सहा महिने ती कमरेला दोरी बांधून घालत होते, बोलले नाहीत, मी ओरडेन म्हणून. बसवालीच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसतेय. ह्यांचे कान तसेच. हिरवी दारं एकेक करून मागे पडत होती. मी बोलत होते आणि अचानक मला पुढचं काही सुचेनाच. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

भिंतीचा एक पट्टा नव्या रंगाचा आला. बाकी भिंत मळलेली, तेवढा तुकडा स्वच्छ. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"इथे," हे म्हणाले.

बसवालीनं वेग ना वाढवला ना कमी केला.

"इथे गोष्ट राहिली होती," हे म्हणाले. आवाज फाटका होता, पण तो त्यांचा बोगद्यातला आवाज होता, घरातला नव्हे. "मास्तरांना लेकीच्या जन्माची गोष्ट सांगत होतो. ही आत डॉक्टरांना ओरडत होती, मला खोलीबाहेर हाकललेलं. नर्स बाळ घेऊन बाहेर आली. म्हणाली, घ्या, मुलगी झाली. माझे हात पुढेच होईनात. एवढासा जीव, माझ्या हातून पडला तर? मी म्हटलं, थांबा, हिला विचारून येतो." हे थांबले. "इथवर आलो होतो. मग धूर दिसला."

मला पुढचं माहीत होतं. माहीत नसायला काय झालं, मी होते तिथं. पण ती गोष्ट हे लोकांना सांगतात हे मला माहीत नव्हतं. मी पिशवी छातीशी धरली.

"मग मी आत गेलो," हे म्हणाले, "आणि हिला विचारलं, घेऊ का? तर ही एवढी दमलेली, पडल्या पडल्या ओरडली, अहो, तुमचीच लेक आहे, घ्या की! मला काय विचारताय?"

बसवाली मोठ्यानं हसली. लांबवर उजेडाचा ठिपका दिसायला लागला होता. हे म्हणाले, "ह्या ठिकाणी सगळे हसतात." आणि मग रडायला लागले. मी मागून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू.

बाहेर आल्यावर बसवालीनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. क्षणभर तिचा हात तसाच राहिला. मग ह्यांनी शिकवलं होतं तसं, ह्यांच्या तळहातावर किल्ली ठेवून म्हणाली, "घ्या दादा. तुमची गाडी, तुमचा रस्ता." ह्यांनी मूठ मिटली. ती उतरून गेली. हे गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर आले आणि लेकीच्या घरापर्यंत गाडी नेली, सायकलवाल्यांनी मागे टाकावं इतक्या हळू.

लेकीनं दार उघडलं. चांगलं तोंड सोडणार होती, माझीच लेक ती. पण बापाचे सुजलेले डोळे बघितले आणि आत गेली. येताना पोर घेऊन आली आणि ह्यांच्यासमोर धरली. "घ्या बाबा."

ह्यांचे दोन्ही हात पाठीमागे. एका हातात अजून किल्ली घट्ट धरलेली, मला मागून दिसत होती. ह्यांनी पोरीकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"घेऊ का?" ह्यांनी विचारलं.

ह्या खेपेला मी ओरडले नाही. मी पुढे होऊन त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"तुमचीच नात आहे," मी म्हटलं. "घ्या की. मला काय विचारताय."